नडीचा लिलाव

"मराठी किती छान बोलतेस गं तू! कळतसुद्धा नाही."

काय कळत नाही, ते मेधाताईंनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या इमारतीच्या मीटिंग रूममध्ये आम्ही दहा जणी बसलो होतो. पुढ्यात साबुदाणे वडे होते. आणि मी नुकतंच त्यांना न आवडणारं बोलले होते.

मी एवढंच म्हटलं होतं, की भिशीत लिलाव नको.

आमची भिशी साधी होती. महिन्याला प्रत्येकीने वीस हजार येन काढायचे, चिठ्ठी काढायची, नाव निघेल तिने दोन लाख उचलायचे. सगळ्या सारखं भरणार, सगळ्यांना सारखं मिळणार. मी मुसलमान. व्याज घ्यायचं नाही, द्यायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. या भिशीत व्याज नव्हतं, म्हणून तर मी होते. आता मेधाताई म्हणत होत्या, चिठ्ठी बोअर होते, बोली लावू. जिला घाई असेल ती कमी पैशांत उचलेल, उरलेले सगळ्यांत वाटू. बोनस!

"मेधाताई, पण ते जिला घाई आहे तिचेच पैसे ना? आमच्यात हे व्याजच धरतात."

"मग आता मौलवींना विचारून भिशी चालवायची का?"

सगळ्या हसल्या.

"आणि बँकेत नोकरी करतेस की. तुझा पगार कशातून येतो गं?"

पुन्हा हसल्या. त्यानंतर ते मराठीचं कौतुक.

मीही हसले. खोटं कशाला सांगू? मेधाताईंचे मिस्टर आमच्या बँकेच्या टोकियो ऑफिसचे प्रमुख. माझ्या इथल्या नेमणुकीची मुदतवाढ त्यांच्या सहीवर अडकलेली. मी इथे एकटी, मुलगी तिसरीत, परत जायचं तर तिची शाळा मध्येच तुटणार. आणि पगाराचा प्रश्न खरा होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही.

हसायची सवय जुनी आहे. मी मिरजेची. शाळेत मराठीत पहिली आले तेव्हा बाई वर्गाला म्हणाल्या होत्या, "बघा, ही त्यांच्यातली असून पहिली आली. लाज नाही वाटत तुम्हाला?" वर्ग माझ्याकडे बघत होता. तेव्हाही मी हसले होते. घरी जाऊन बक्षीस कपाटात ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही.

पहिला लिलाव झाला. आमच्यातल्या वैशालीला पैसे हवे होते. तिचा नवरा एका संशोधन संस्थेत होता, त्याचा करार संपला होता, संस्थेचं घर महिन्याभरात सोडायचं होतं. इथे नवं घर म्हणजे अनामत, वर घरमालकाला परत न मिळणारी रक्कम. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकीने गंमत म्हणून बोली लावली, एक लाख नव्वद. दुसरी म्हणाली ऐंशी. वैशाली घाबरली. तिने एकदम "दीड" म्हटलं.

टाळ्या वाजल्या.

उरलेले पन्नास हजार दहा जणींत. मेधाताईंनी कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून पाकिटं आणली होती, दिसायला छान म्हणून. पांढरी, लाल-सोनेरी दोऱ्यांची गाठ मारलेली. इथे ती लग्नाच्या आहेराला वापरतात. प्रत्येक पाकिटात पाच हजार. वैशालीलाही एक मिळालं. तिच्याच पैशांतलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि थँक्यू म्हणाली.

मीही घेतलं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा तेच सुरू झालं असतं.

घरी मुलीने पाकीट बघितलं. ती आता माझ्याशीही जपानीतच बोलते. तिने विचारलं, "अम्मी, कुणाचं लग्न झालं?"

मी पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं.

माझे अब्बा तंबोरे करायचे. एकदा एका गवयाची बायको नवऱ्याचा तंबोरा विकायला आली. नवरा दवाखान्यात होता. बाई म्हणाली, जे द्याल ते द्या. अब्बांनी तंबोरा हातात घेतला, तारा छेडून बघितल्या आणि पुरता भाव दिला. ती गेल्यावर मी म्हटलं, कमी दिले असते तरी तिने घेतले असते. अब्बा रागावले. "नडलेल्या माणसाशी घासाघीस करायची नसते. त्यात जे सुटतं ते तिच्या नडीचं असतं. हराम आहे ते."

त्यांचीच मुलगी मी. ड्रॉवरमध्ये नडीचे पाच हजार ठेवून बसले होते. लाज वाटली. लहानपणी बाईंसमोर वाटली त्याहून जास्त.

पुढच्या भिशीला मी पाकीट टेबलावर ठेवलं. "हे वैशालीचे आहेत. मला नकोत. लिलाव असेल तर मी भिशीत नाही."

मेधाताई शांतपणे म्हणाल्या, "फारच मनावर घेतेस बाई. मुदतवाढीच्या वेळी माणसाने इतकं ताठ राहू नये."

बाकीच्या आपापल्या बश्यांत बघत होत्या. मी वैशालीकडे बघितलं. तिने एका बोटाने पाकीट माझ्याकडे परत ढकललं.

"ताई, आमच्या घरचं असं सगळ्यांसमोर..."

ती उठली, दाराशी बूट घातले आणि गेली.

अम्मी रमजानमध्ये गरिबांना जकात द्यायची ती पदराखालून. शेजारच्यालाही कळू द्यायची नाही. म्हणायची, हे दान नाही, त्यांचा हक्क आहे, घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. नेमकं तेच मी विसरले. वैशालीला न विचारता तिची नड टेबलावर मांडली, माझा स्वाभिमान दाखवायला. मेधाताईंनी लिलाव केला. मी प्रदर्शन केलं.

वैशाली शेजारच्या कावासाकी शहरात लहान घरात राहायला गेली. मी जाऊन माफी मागितली. तिने चहा केला. पैसे घे म्हणाले, तर नको म्हणून मान हलवली. निघताना ती पुन्हा ये म्हणाली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे. ते माझं नाही, म्हणून मला खर्चता येत नाही. मुदतवाढीचं पत्र आलेलं नाही. बहुतेक येणारही नाही. मुलीला मी ते सांगितलं आहे. ती रडली.

मी नवी भिशी काढली आहे. सध्या आम्ही दोघीच आहोत, मी आणि माझ्या ऑफिसमधली एक जण. बोली नाही. जिला नड असेल तिने आधी उचलायचं, पुरतं उचलायचं, आणि कशासाठी ते कुणी विचारायचं नाही. दोघींचीच राहिली तरी ही भिशी मी मोडणार नाही. परत जावं लागलं तर मिरजेतून चालवीन.

आणि यापुढे हसणार नाही. मराठी छान बोलतेस, कळतसुद्धा नाही, असं पुन्हा कुणी म्हणालं, तर तिच्यासमोर उभी राहून विचारणार. काय कळत नाही? मोठ्याने सांगा.