रिकाम्या पार्किंगमधले ठोके

बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीत पार्किंगच्या बरोबर वर एक वयस्कर अक्का एकट्या राहायच्या. कैक पिढ्या बेंगळुरूत काढलेलं मराठी घराणं. एका दुपारी त्यांनी मला जिन्यातच थांबवलं.

"खाली कोणतरी ठोकतंय. स्वल्प येऊन ऐक."

त्यांच्या खोलीत आम्ही कान देऊन बसलो. बराच वेळ काही नाही. मग फरशीखालून एकच ठोका आला, कोरडा. खाली धावले तर चिटपाखरूही नव्हतं. गाड्या एकावर एक ठेवायचा लोखंडी सांगाडा नुकताच उभा केला होता, त्यावर अजून गाडी चढली नव्हती. त्याच्या पायाशी एका बोल्टचं डोकं पडलं होतं. ना वाकलेलं, ना ताणलेलं. आजूबाजूला अशी आणखी डोकी होती.

मी आनेकलजवळ धातू तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. सोसायटीला सांगून तो भाग बंद करवला आणि तुटलेले व काही अख्खे बोल्ट घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेला भाग फोडलेल्या खडीसाखरेसारखा दिसला. पोलादाचा प्रत्येक कण अख्खा, फक्त शेजाऱ्यापासून सुटलेला. बोल्ट तापवून, पाणी देऊन फार कडक केले होते, पुन्हा तापवून पुरेसे नरम केले नव्हते. त्यात फॉस्फरस जास्त, तो कणांच्या सीमांवर जमून त्यांना कमकुवत करतो. जस्त चढवण्याआधी आम्लात धुताना हायड्रोजन आत शिरला होता, आणि घट्ट आवळल्यावर तो त्याच सीमांवर गोळा होत गेला.

अख्खे बोल्ट मी एका जाड पट्टीत आवळून टेबलावर ठेवले, शेजारी नीट नरम केलेले, आम्लात न धुतलेले काही. पुढे एका दुपारी मी आणि सहकारी डबा खात असताना मागे टक् झालं.

"तू हात लावलास?" त्याने विचारलं.

"मी इथेच आहे ना."

एक डोकं घरंगळत टेबलाच्या कडेला येऊन थांबलं. कारण मला पाठ होतं, तरी डबा बाजूला ठेवला. मग आम्ही दोघं नुसते त्या पट्टीकडे बघत बसलो. कडक बोल्ट एकेक करून गेले. नरम केलेले शेवटपर्यंत तसेच राहिले.

सांगाड्याचे सगळे बोल्ट बदलले, आवाज थांबले. अक्कांना मी सगळं समजावलं.

"म्हणजे बसवले तेव्हाच आतून तुटायला लागलेले? वरून दिसत नव्हतं?"

"नव्हतं, अक्का."

"सरी, बरं," म्हणाल्या, आणि पलंग पार्किंगवर नसलेल्या मागच्या खोलीत न्यायला निघाल्या. मी अडवलं नाही. दुसरं टोक धरलं.