पंखावरचं कुंकू

ह्ये मी बायकोलाबी कधी सांगितलेलं न्हाई. आज तुमाला कावून सांगतोय, ते मलाच ठाव न्हाई. पोटात ठिवून ठिवून सडलंय, एवढंच.

वडवणीजवळ एका बड्या बागायतदाराकडं मी गाड्यांवर हाय. जीप, ट्रॅक्टर, ट्रॉली—सगळ्यांचं धुणं-पुसणं माझ्याकडं. धाकट्या मालकांनी दोन माणसांचं विमान घेतलं. रानात पट्टी सपाट केली, पत्र्याचं शेड मारलं. विमान म्हणलं की तुमाला पत्राच वाटंल. पर ह्याचे पंख कापडाचे! ताणून बसवलेलं कापड, त्याच्यावर रंगाचे थर. टिचकी मारली की ढोलकीच्या पुडीगत वाजायचं.

ते पुसायला मालकांनी रुक्मिणला ठिवलं. आमच्याच गावची, उसतोडीवाली. मोळ्या वाहून मणक्यात गॅप पडलेला, डागदरनं ओझं बंद सांगितलेलं. ह्या कामामुळं दोन वर्सं ती तोडीला गेली न्हवती. लई निगुतीनं करायची—साधा साबण, भरपूर पाणी, मऊ फडकं, रगडणं न्हाई. धाकटे मालक तिला शाबासकी द्यायचे. मला एवढ्या वर्सांत कुणी शाबास म्हणलं व्हतं? जळायचो मी. खोटं कशाला बोलू!

खंडेनवमीला मालकांच्या आईनं गाड्यांसंगं विमानाचीबी पूजा केली. ओल्या कुंकवाची पाच बोटं पांढऱ्या पंखावर ओढली. दुसऱ्या दिवशी पुसलं तरी डाग ऱ्हायलाच. मी थिनर काढलं, तर रुक्मिण म्हणली, "नगं भाऊ. साबणानं धा येळा पुसू, निघंल तेवढं निघंल. थिनर न्हाई चालत ह्याला."

बाईनं मला शिकवावं? वीस वर्सं गाड्या पुसतोय मी!

ती जेवायला गेलती. मी फडक्यावर थिनर वतलं आन रगडलं. डाग गेला—त्याच्यासंगं रंगबी. मऊ पडून, चिकट होऊन फडक्याला आला. ताटाएवढं कापड उघडं पडलं. फडकं उकिरड्यात पुरलं, मातीनं हात घासले.

पर नुसतं थिनर लावलं, ह्ये सांगाया न्हाई बसलो मी. चूक कुणाच्याबी हातनं व्हती.

संध्याकाळी धाकटे मालक शेडात आले. "कुणी केलं?" रुक्मिण शेजारीच उभी. मी म्हणलो—"पुसायचं काम रुक्मिणकडं हाय, मालक." बघा, ह्यातला एकबी शबुद खोटा न्हाई. तोलून-मापून बोललो मी. ती हात जोडून सांगत ऱ्हायली, म्या फकस्त साबण लावला. मी खाली बघत उभा. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या. लईच झालं तर नोकरी. माझी पाठ तर धड व्हती की!

तिला त्याच दिवशी काढलं. दसरा झाला की आमच्याकडं उसतोडीच्या टोळ्या निघतातच. पंधरा दिसांत ती नवऱ्यासंगं ट्रकात बसून तोडीला गेली. तिकडं डोक्यावर मोळी घिऊन ट्रकाला लावलेल्या फळीवरून चढताना पडली. कमरंखालचं अंग गेलं. आता खाटंवर हाय, अंग पुसायलाबी दुसरं माणूस लागतं.

पंखाला नवं कापड बसलं. ते आता मी पुसतो—साधा साबण, मऊ फडकं. धाकटे मालक शाबास म्हणतात.

मागल्या बाजारी तिचा नवरा भेटला. भाजीची पिशवी खाली ठिवून म्हणला, "ती अजून त्योच इचार करती, भाऊ. रोज म्हणती, माझाच हात कुठंतरी जड पडला असंल."

आमी दोघंच उभे व्हतो. सांगायला किती येळ लागला असता?

मी म्हणलो, "असंल."