परळच्या मालडब्याला दोन खिडक्या

रत्नागिरीच्या बंदरातून आगबोट सुटली तेव्हा माझ्या मनात एवढेच होते की, परतताना गंगूला बरोबर आणायचे. गंगू माझी धाकटी बहीण. तिचे यजमान महादेवराव परळला रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करतात. त्यांनी गिरगावातली चाळीची खोली सोडून एका जुन्या मालगाडीच्या डब्यात बिऱ्हाड केले आहे, डब्याला खिडकी नाही आणि आत श्वास कोंडून गंगूला घेरी येते, असे मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले. त्या दिवसापासून आमच्या वडिलांच्या घशाखाली घास उतरेना. "तू थोरली आहेस. जा आणि तिला घेऊन ये," ते म्हणाले. मामांना कापड खरेदीला जायचेच होते. त्यांच्या सोबतीने मी निघाले.

चैत्राचे ऊन धक्क्यावरच लागले. मामा मला परळला पोचवून गिरगावात त्यांच्या स्नेह्यांकडे उतरणार होते. भायखळ्यापर्यंत आम्ही ट्रामने (रुळांवरून घोड्यांनी ओढायची गाडी) गेलो, पुढे रेकला (बैलाची लहान भाड्याची गाडी) केला. लालबाग मागे पडले तशी गिरण्यांची धुराडी दोहों बाजूंनी वर आली. माझ्या पदरावर काजळी बसली आणि मांडीवरच्या टोपलीतल्या कैऱ्या गरम झाल्या. मी मनाशी म्हटले, अशा ठिकाणी माझी बहीण राहते. मला तिची कीव आली, आणि खरे सांगायचे तर ती कीव मला गोडही लागली.

डबा रुळांपासून दूर, दगडी चौथऱ्यावर ठेवला होता. चाके काढून टाकलेली. त्याला एकच ओढायचे दार, त्यापुढे तुळस आणि ओट्यासारखी एक फळी. गंगू त्या फळीवर बसून ओले बोंबील साफ करत होती. मला पाहून ती उठली आणि तिथेच धापा टाकू लागली. रोडावली होती. पण तिचे तोंड हसरे होते, आणि तसे असेल अशी माझ्या मनाची तयारी नव्हती.

"अक्का, बरं झालं आलीस. उद्या खिडक्या आणायला जायचंय," ती म्हणाली.

"खिडक्या कसल्या? मी तुला न्यायला आले आहे."

"मग राहा चार दिवस. बघ आणि ने."

संध्याकाळी महादेवराव आले. हातपाय धुऊन त्यांनी खडूचा तुकडा घेतला आणि गंगूला चुलीपुढे बसायला सांगितले. ती बसली. तिच्या तोंडासमोरच्या फळ्यांवर त्यांनी एक रेघ ओढली.

"इथं?"

"थोडं खाली. पोळपाटाशी बसले की बाहेरचं दिसायला हवं."

त्यांनी रेघ पुसली आणि खाली ओढली. तिने पुन्हा मान हलवली, त्यांनी पुन्हा पुसली. मी कैऱ्या चिरत होते. माझ्या सासरचे घर दुमजली आहे. स्वयंपाकघर मात्र असे की, भर दुपारी समई लावून तांदूळ निवडावे लागतात. त्यात खिडकी हवी का, हे मला कोणी विचारले नाही. कैरीचा रस बोटाच्या चिरेत गेला आणि चरचरले. "रेल्वेचा माल ठेवायच्या पेटीला घर म्हणायचं, हे मुंबईतच चालायचं," मी म्हणाले. दोघांपैकी कोणीच रागावले नाही. त्याचाही मला राग आला.

दुसरा दिवस रविवार होता. महादेवराव खटारा ठरवायला पुढे गेले आणि आम्ही बहिणी सकाळी न्यायला आलेल्या मामांबरोबर गिरगावात खोताच्या वाडीत गेलो. तिथल्या लाकडी घरांचे जिने बाहेरून असतात आणि सज्जांत कुंड्या असतात. एक म्हातारी ख्रिस्ती बाई आपल्या सज्जाच्या जुन्या खिडक्या काढून टाकत होती. हिरव्या झिलमिल्या (वारा आत घेणाऱ्या, उघडमीट करता येणाऱ्या आडव्या लाकडी पट्ट्या), वर काचेची तावदाने. गंगूने त्यांवरून हात फिरवला.

"कनच्या घराला लावाची गो?" (कोणत्या घराला लावायची, ग?) बाईने विचारले.

"मालगाडीच्या डब्याला."

बाई हसता हसता खुर्चीत बसली. मग उठून तिने आम्हाला नारळाची वडी दिली आणि बिजागऱ्या वर फुकट दिल्या. गंगूला लोक असे देतात. लहानपणापासून देतात.

चिंचपोकळीजवळ खटाऱ्याचे चाक खड्ड्यात गेले आणि एक तावदान फुटले. गंगूच्या डोळ्यांत पाणी आले. "काच काय, मिळेल," मी म्हणाले. माझा आवाज फार प्रसन्न निघाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी महादेवरावांनी करवत चालवली. चुलीकडची खिडकी नीट बसली. समोरच्या भिंतीची कापताना मधला एक लाकडी खांब आड येत होता. तो केवळ फळ्या धरण्यापुरता आहे असे समजून त्यांनी तो कापला. छपराने करकर आवाज केला आणि वरची तुळई आमच्या डोळ्यांदेखत खाली वाकली.

"अक्का, खांदा द्या," ते ओरडले आणि टेकूसाठी वासा आणायला बाहेर धावले.

मी तुळईखाली उभी राहिले. गंगू दारात भिंत धरून श्वास घेत होती, तिला एवढे बळ नव्हते. तुळईचा भार खांद्यावर आला आणि मनात पहिला विचार आला तो असा: आता हे घर राहण्याजोगे नाही, आता हिला यावेच लागेल. मी खांदा काढून घेतला असता तर कोणी मला बोल लावला नसता. गंगू माझ्याकडे पाहत म्हणाली, "लागतंय का ग फार?" मी पाय आणखी रोवले.

वासा आला, टेकू बसला, नवा खांब ठोकला. उन्हे उतरायच्या आत दुसरी खिडकीही उभी राहिली. फुटक्या तावदानाच्या जागी त्यांनी पत्रा मारला. दोन्हीकडच्या झिलमिल्या उघडल्या तसा पश्चिमेचा वारा आत शिरला आणि शिवडीच्या खाडीकडे निघून गेला. गंगू चुलीशी टेकून बसली होती, तशीच झोपली. तोंड मिटून, नाकाने श्वास घेत. मी तिच्याजवळ बसून राहिले. माझा खांदा काळानिळा झाला होता.

आणखी काही दिवस राहून मी पाहिले. तिला पुन्हा घेरी आली नाही. मी मामांबरोबर एकटीच आगबोटीवर चढले.

वडिलांनी विचारले, "आणली नाहीस?" मी म्हणाले, "ती बरी आहे, बाबा. तिथेच बरी आहे." ते रडले आणि त्या रात्री पोटभर जेवले.

माझा मत्सर गेला, असे या मासिकात लिहिले तर वाचणाऱ्या मैत्रिणींना बरे वाटेल. तो गेलेला नाही. तिकडे गंगूच्या झिलमिल्यांतून वारा येत असेल, असे भाकरी थापताना वाटते आणि हात जोरात आपटतो. मी यजमानांना सांगितले की, स्वयंपाकघराला खिडकी हवी. त्यांनी विचारले, "आत्ताच काय झालं?" मी म्हणाले, "धूर होतो." गवंडी उद्या यायचा आहे. खरे कारण मी इथे लिहिले आहे. यजमान मासिके वाचत नाहीत.