भातखाचरातला आभाळाचा दगड

"ओ पावणं! हात लावशीला तर भस्म हुशीला! आभाळातनं पडलंय त्ये!"

मामाच्या भावकीतले आण्णा असे काही गरजले, की बांधावरची म्हैस दावं तोडून उधळली ती आंबा घाट उतरतानाच सापडली म्हणतात.

मी हात मागं घेतला नाही. मंगळवार पेठेत वाढलेला माणूस, त्यात भूगर्भशास्त्र शिकलेला! कोल्हापुरात पोरं तांबडा रस्सा पिऊन वाढतात, मी दगड चाटून वाढलो.

झालं होतं असं. शाहूवाडीत मामाच्या भातखाचरात डोक्याएवढा काळा धोंडा निघाला. आदल्या रात्री वीज कडाडलेली, त्यामुळे आण्णांनी तो थेट उल्काच ठरवला. दुपारपर्यंत गुलाल, नारळ, आणि मोबाईल उंच धरून उभा निम्मा तालुका. लावणीसाठी केलेल्या चिखलाची तुडवून पार पायवाट झालेली. इकडं तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, पिवळा पडायला लागलेला. आणखी चार दिवस गेले असते तर मामाचं वर्षाचं भात बुडालं असतं. पण देवाला 'ऊठ' कोण म्हणणार? शेवटी मामीनं मला फोन लावला. "दगडं शिकून पोट भरतंय व्हय?" असं घरातल्या प्रत्येक लग्नात विचारणारी हीच मामी.

मी भिंग डोळ्याला लावलं. गर्दी इतकी गप्प झाली, की बेडकांनीही आवाज बारीक केला.

"आण्णा, याच्या अंगावर बुडबुडं हाईत. उल्केत असली भोकं नसत्यात."

"आमच्या डोंगरातल्या काळ्या दगडात बी असत्यात की!"

माणूस चिवट, पण मुद्दा बरोबर होता. "असत्यात. पण त्यात बहुतेक पांढरं खडं भरल्यालं असत्यात. ही रिकामी हाईत, आन् कड बघा, काचंगत चमकतीया. ह्यो भट्टीतला मळ हाय. लोखंड वितळताना वर येतो, त्यो. रस्त्याच्या भरावातनं घरंगळला आसंल."

"खोटं!"

मग मी हातोडा काढला. दगडाचं वरचं तोंड ऊन-पावसानं रापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. फोडून आतला ताजा चेहरा बघायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. एकच घाव घातला, आवाज पन्हाळ्यावर ऐकू गेला असणार. धोंडा दुभंगला आणि आत अर्धवट वितळलेला, आटे पाडलेला नट!

"आण्णा," मागून एक म्हातारी म्हणाली, "सर्गात बी वर्कशॉप हाय म्हणायचं!"

निम्मा तालुका हसत हसत बांधावरून परतला. आण्णांनी नारळ तेवढे काखेत मारले.

मी दोन्ही तुकडे हातात उंचावून उभा. छाती अशी फुगलेली, की शर्टाची बटणं वाचली हेच नशीब. "मामा," मी म्हणालो, "आख्ख्या महाराष्ट्रात नुसत्या नजरंनं दगडाची जात सांगणारा दुसरा दाखवा!"

मामानं तरव्याची पेंढी माझ्यासमोर टाकली.

"प्यांट वर कर आन् उतर. लावण लांबलीया."