घाडीकाकांची पांढरी गाडी घरी येऊनच का मरते

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाच्या घरी काही नवीन आलं की आधी घाडीकाकांना हाक जाते. फ्रिज असो, मिक्सर असो, सून असो. कोंडीराम घाडी बँकेत तेहतीस वर्षं शिपाई होते, पण चाळीच्या लेखी त्यांचं काम एकच, गाऱ्हाणं घालायचं. हातात नारळ धरायचा, देवाला हाका मारायच्या, घरच्यांच्या मागण्या एकेक करून त्याच्या कानावर घालायच्या, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावी हा मान घाडी घराण्याचा. आवाज असा की तळमजल्यावर गाऱ्हाणं सुरू झालं की तिसऱ्या मजल्यावरच्या बायका भांडी घासता घासता व्हय म्हाराजा म्हणतात. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूससुद्धा दोनदा म्हणून गेला.

देवाखालोखाल काकांचा जीव त्यांच्या पांढऱ्या गाडीवर. सत्त्याण्णव सालची, तिसऱ्या हाताने घेतलेली, वयाने चाळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा मोठी. मे महिन्यात मालवणहून येताना पेणच्या अलीकडे तिचा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून भाताच्या टोपासारखी वाफ यायला लागली. शेवंतीकाकू अडीच तास रस्त्याकडेला मांडीवर फणस घेऊन बसल्या होत्या. त्या अडीच तासांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. काका म्हणतात, तेच जास्त वाईट होतं.

करी रोडच्या अवधूत मेकॅनिकने गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचं डोकं, उतरवलं, गॅस्केट बदललं, पाण्याचा पंप नवा घातला. गाडी मांजरासारखी गुरगुरत चाळीत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी किल्ली फिरवली. गाडी खर्र खर्र खाकरली, पण बोलेना.

अवधूतने टो करून नेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या गॅरेजात पहिल्या किल्लीला सुरू. घरी आली, रात्रभर उभी राहिली, सकाळी पुन्हा मुकी. तिसऱ्यांदाही तेच. आता चाळीत जो तो मेकॅनिक झाला. एक म्हणाला, बॅटरी. एक म्हणाला, पेट्रोलात पाणी. वरच्या मजल्यावरचा सौमित्र लॅपटॉप घेऊन खाली आला, अर्धा तास गाडीकडे बघत राहिला आणि "एकदा बंद करून चालू करून बघा" म्हणाला.

"अरे बाबा," काका म्हणाले, "बंदच आहे ना ती."

शेवटी अवधूतही वैतागला. "काका, माझ्याकडे चालते नि तुमच्याकडे येऊन मरते. गाडीत कायपण नाय. जे काय आहे ते तुमच्या चाळीत आहे."

बिचारा चिडून बोलला होता, पण काकांनी ते मनावर घेतलं. चाळीत आहे म्हणजे बाहेरचं काहीतरी आहे. घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले, "शेवंती, गाऱ्हाणा कमी पडता गो. ह्या टायमाक मोठा घालूक होया."

काकूंनी भाजी निवडता निवडता निकाल दिला. "माका रविवारी भयणीकडे प्रभादेवीक जावचा आसा. बारापर्यंत गाडी सुरू झाली तर गाडीन जाऊया. नाय झाली तर भंगारवालो येतलो. मी त्येका सांगून ठेवलंय."

आणि खरंच, रविवारी साडेअकराला भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमधून आली होती, आल्या आल्या गाऱ्हाणंही झालं होतं, आणि सकाळपासून ती नेहमीसारखी खाकरत होती. काकांचं तोंड उतरलेलं. त्यांनी अवधूतला फोन करून बोलावून घेतलं होतं. तो पुलापाशी ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

"तो येईपर्यंत शेवटचा उपाय करतो," म्हणून काकांनी बॉनेट उघडलं आणि नारळ हातात घेतला. चाळ गॅलरीत आली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुज्या पायाकडे जी गाडी हुभी केलेली आसा..."

"व्हय म्हाराजा."

"तिच्यार जर कोणाची वाकडी नजर पडली आसात, शेजाऱ्याची म्हणा, भावकीची म्हणा..."

"व्हय म्हाराजा." यात भंगारवाल्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. वाकडी नजर त्याचीच होती, पण ते त्याच्या लक्षात आलं नसावं.

"तर ती दूर कर, आणि तिचा डोक्या थंड ठेव रे म्हाराजा."

एवढ्यात अवधूत स्कूटरवरून उतरला. त्याच्या डोळ्यांदेखत काकांनी नारळ दगडावर फोडला आणि दोन्ही कवडींतलं पाणी सावकाश, मायेने, इंजिनवर ओतलं.

अवधूतच्या हातातून हेल्मेट पडलं. "काका. हे काय करताय?"

"डोकं तापलं होतं ना तिचं," काका समजावून सांगायला लागले. "थंड करतोय. गाडी घरी आली की दर वेळी घालतो."

"दर वेळी?"

"काल तर दोन नारळ."

अवधूत इंजिनवर वाकला. ज्या टोपणाखालून इंजिनात चारी दिशांना ठिणगी वाटली जाते, ते टोपण त्याने उघडून उपडं केलं. चमचाभर नारळपाणी खाली पडलं. आत खोबऱ्याचा तुकडाही चिकटला होता.

"मला इथे चिकट डाग दिसायचे. माझ्याकडे येईपर्यंत वाळलेले असायचे," तो म्हणाला. "मी म्हणायचो रेडिएटरमधलं कूलंट गळतंय. दोनदा नवे पाईप टाकले मी, काका. दोनदा."

काकांनी नारळाची कवड पाठीमागे लपवली. आयुष्यभर लोकांच्या घरी सुख मागणाऱ्या माणसाने आपलीच गाडी पाच वेळा बुडवली होती, तीही देवाच्या साक्षीने. ते हळूच म्हणाले, "म्हणजे देवाने ऐकलं. मी थंड ठेव म्हटलं, त्याने ठेवली."

"अवो, फडको द्या त्येका आधी," काकू म्हणाल्या.

अवधूतने टोपण पुसलं, फुंकर मारली, बसवलं. काकांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली, आणि मग बोलायलाच लागली. बारा वाजायला सात मिनिटं होती. भंगारवाल्याने टेम्पो मागे घेतला, पण तोंड पाडून.

काकू पुढच्या सीटवर बसल्या. प्रभादेवीला पोहोचल्यावर त्या बहिणीकडे वर गेल्या, तरी काकांनी इंजिन बंद केलं नाही. बहिणीने खिडकीतून चार हाका मारल्या, जेवायला या म्हणाली. काका खालूनच "नको, नको" करत राहिले. शेवटी काकूंनी ताट खाली पाठवलं. स्टिअरिंगवर ताट टेकवून काका एका हाताने जेवत होते, आणि त्यांची नजर तापमानाच्या काट्यावर होती. काटा अर्ध्यावर होता.