तिसऱ्या जोडीचा दुष्काळ

माझ्या साडूंइतका पावसाचा जाणकार भिलाईत झाला नाही, आणि त्यांच्याइतका पावसात भिजलेला माणूसही झाला नाही. पाऊस पूर्वी कसा पडत होता, एवढ्यातच त्यांना रस होता. आज येणार की नाही, ही चौकशी त्यांना उथळ वाटे. एकदा माझ्या मेव्हणीने पापडांचं ताट हातात धरून विचारलं, "अहो, पाणी येते का आज? घालू का वाळाले?" साडूंनी आभाळाकडे न पाहताच सांगितलं, "आजचं मले काय मालूम? दोन हजार वर्षांआधीचं विचार, सांगतो." पापड भिजले.

नोकरीत ते स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत कोळसा तपासत. त्यांचं खरं काम मात्र गाळाचं होतं. तलावाच्या तळाशी गाळाचे थर एकावर एक बसत जातात आणि त्यांत भोवतालच्या झाडांचे परागकण अडकतात. पाऊस चांगला असेल तर साल वृक्षांचं जंगल वाढतं, कमी असेल तर गवत. म्हणून एकेका थरातले परागकण मोजले की जुने पावसाळे वाचता येतात. हे ते कोणालाही पहिल्या भेटीत सांगत, मग ती भेट लग्नाच्या पंगतीत का असेना. "खाली भात, वर वरण, त्याच्यावर तूप. आता सांगा, आधी काय वाढलं?" समोरच्याचं जेवण थंड होई. परागकणांनी त्यांना शिंका येत. प्रत्येक शिंकेनंतर ते रुमाल भिंगाखाली पाहत.

जामुल गावाच्या पलीकडे एक जुना तलाव होता. एका मे महिन्यात तो आटला, तेव्हा साडूंनी तळात लोखंडी पाइप ठोकून गाळाची दीड हात लांब कांडी काढली. नव्या गाळाच्या टोकाला लाल दोरा बांधला, कांडी ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि स्कूटरवर घरी आणली. महिन्याभरात तलाव खोल करण्याचं काम निघालं. उरलेला गाळ शेतांत गेला. त्या तलावाचा सगळा इतिहास आता क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात, बादल्यांच्या शेजारी पडून होता. बाहेरगावच्या एका तज्ज्ञांनी तो तपासायचं कबूल केलं होतं. या होकारासाठी साडू बारा वर्षं पत्रं लिहीत होते. कांडी स्वतःच न्यायची म्हणून त्यांनी पोळ्यानंतरची रजाही मंजूर करून घेतली होती.

पोळ्यासाठी आमच्या सासूबाई भंडाऱ्याहून आल्या. सणाच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होतो. साडू ड्यूटीवरून परतले, तेव्हा व्हरांड्यात पाटावर मातीच्या बैलांच्या पाच जोड्या रांगेत उभ्या होत्या आणि गोणपाट दोरीवर वाळत होतं.

"माती लय चिकनी हाय, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या. "इतकी चांगली माती काहून पडून राहू दिली?"

मेव्हणी तोंडाला पदर लावून दारात उभी होती. साडू पाटाजवळ उकिडवे बसले.

"आई, कोणत्या टोकाकून घेतली?"

"लाल दोऱ्याकून. देवाचं काम हाय, मंधातून तोडीन का मी?"

"आन् पहिली जोडी कोणती?"

"हे डावीकडची. जशा बनवल्या तशा ठेवल्या. आता शेगडीत भाजतो."

"भाजू नका! परागकण जळतीन!"

साडूंचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

त्यांनी जोड्यांना डावीकडून नंबर दिले. दुसऱ्या दिवशी पूजा होईपर्यंत थांबले आणि मग मातीचे नमुने काढायला चाकू घेऊन बसले. सासूबाईंनी परवानगी दिली, पण अटीवर. "पोटाखालून घ्या. बाहीरून दिसलं नाही पायजे."

तज्ज्ञांना त्यांनी घडलं ते सगळं कळवलं. नमुन्याच्या फॉर्मवर 'सध्याचा आकार' या रकान्यात 'बैल' असं लिहिलं. उत्तर लवकर आलं. मळलेल्या मातीवर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा नमुना आणू नये. साडूंनी पत्र दोनदा वाचलं. "बरोबर हाय त्यांचं. मीबी नसता घेतला." त्यांनी रजा रद्द केली, पण परागकण मोजायचं थांबवलं नाही.

पुढल्या पोळ्याला बैल कपाटातून निघाले. सासूबाईंनी विचारलं, "मंग काय निघालं त्या मातीतून?" हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

"तिसऱ्या जोडीत नुसतं गवत हाय, आई. तवा पाणीच नव्हतं. लय वर्षं."

सासूबाई उठल्या. आत जाऊन आणखी दोन पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि तिसऱ्या जोडीपुढे ठेवल्या. "उपाशी राह्यले असतील बिचारे," त्या म्हणाल्या. त्यानंतर दर वर्षी त्यांनी हेच केलं.

सासूबाई वारल्यानंतरच्या पोळ्याला मी भिलाईला गेलो होतो. साडूंनी पाचही जोड्या क्रमाने मांडल्या, नैवेद्य दाखवला आणि आणखी दोन पोळ्या तिसऱ्या जोडीपुढे ठेवल्या. पुराव्यावाचून एक शब्द न बोलणारा हा माणूस. मी पोळ्यांकडे बोट केलं.

"आपला रिपोर्ट आईनंच मंजूर केला होता, भाऊ," ते म्हणाले.

मग त्यांनी तिसऱ्या जोडीची तोंडं दाराकडे वळवली. बाहेर पाऊस पडत होता.