तिसगावच्या चिंचेखालचं नेदरलँड

परदेशात सायकलवर फिरून नदीकाठी तंबूत राहायचा आमचा बेत तिसगावच्या अलीकडे एका चिंचेखाली तडीस गेला. तिथून नदी दिसत नव्हती. शेळ्या दिसत होत्या.

मी नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. ऱ्हाईन कुठून निघते आणि कुठे समुद्राला मिळते हे वर्षानुवर्षं पोरांना नकाशावर छडी फिरवून दाखवलं, आणि स्वतः मुळा धरणाच्या पलीकडे पाणी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर दुपारी डोळा लागला की मला तीच नदी दिसायची. काठाने सपाट रस्ता, त्यावर मी सायकलवर, ओढणी वाऱ्यावर. मागून आमचे हे. (स्वप्नातसुद्धा हे कुरकुरतच यायचे.)

आमची लेक रेणू नोकरीनिमित्त नेदरलँडला असते. स्वप्नाचं तिला सांगितलं तर म्हणाली, "मग ये की. उन्हाळ्यात इथे लोक असेच फिरतात. पण आई, तुला जमायचं नाही."

"का? सायकल येते मला."

"सायकलचं नाही गं. तू चार घरं ओलांडलीस तर तीन घरी चहा होतो तुझा. इथे कुणी कुणाला विचारत नाही. आपला तंबू, आपलं जेवण, आपलं आपण. आधी तिकडे एक दिवस करून दाखवा दोघांनी. विकत घ्या काय हवं ते, पण कुणाची मदत नको. संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करणार. जमलं तर तंबूची सहल, नाहीतर विसर."

आणि तिने सरळ तंबूच पाठवून दिला. केशरी रंगाचा, आत बारीक जाळीचा.

रस्ता यांनी निवडला. पाथर्डीचा. का, तर ओळखीचा. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या यांनी तिसगावला आत्याकडे काढलेल्या. आता मला सांगा, ज्यांना कुणाचीही मदत घ्यायची नाही त्यांनी आत्याच्या गावाचा रस्ता धरावा का? पण मीही तेव्हा नदीच्याच तंद्रीत होते.

"आत्याबाईंना कळलं तर?" मी एवढं विचारलं.

"हेल्मेट घातल्यावर कोण ओळखतंय," हे म्हणाले.

मे महिना. पहाटे गार वाऱ्यात निघालो तेव्हा मला खरोखर वाटलं, हे आपल्याला जमणार. करंजीचा घाट उतरताना तर मी पाय सोडून दिले आणि ओढणीही स्वप्नातल्यासारखी उडाली. (आणि ब्रेकच्या तारेत अडकली. ती सोडवायला एक टेम्पोवाला थांबला होता. आम्ही त्याला हात जोडून पुढे पाठवला आणि ओढणी कात्रीने कापली. मदत नको म्हणजे नको!)

दहा वाजेपर्यंत ऊन असं तापलं की डांबर चाकांना सोडेना. रसवंतीवर थांबलो. एकेक ग्लास विकत घेतला. तो संपतो न संपतो तोच रसवाल्याने न विचारता अर्धा अर्धा पुन्हा भरला.

"अहो, हा फुकट आहे. नियम मोडला," मी कुजबुजले.

"ही मदत नाही, पद्धत आहे," हे म्हणाले आणि माझाही पिऊन टाकला.

दुपारी त्या चिंचेखाली तंबू ठोकला. आत शिरल्यावर कळलं की नेदरलँडचा तंबू नगरच्या उन्हात भट्टीचं काम करतो. मग धड सावलीत आणि पाय तंबूत, असे आम्ही उलटे झोपलो. हे लगेच घोरायला लागले. मी अर्धवट डोळे मिटून वर बघत राहिले. चिंचेची पानं हलत होती आणि त्यांच्या फटींमधून आभाळ पाण्यासारखं लुकलुकत होतं. त्या क्षणी मला काही म्हणजे काही कमी नव्हतं. पडल्या पडल्या मी ऱ्हाईनच्या काठी पोचले होते.

"कुठलं गाव बाई?"

डोळे उघडले तर ऱ्हाईनच्या जागी चार शेळ्या आणि त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई.

"नगर."

"मंग हितं झाडाखाली? लेकरं न्हाईत का?"

"आहे ना. एक मुलगी. परदेशात असते."

"आन तुमी हितं." ती खाली बसली. "हे कापडाचं घर कुनी दिलं?"

"तिनंच पाठवलं," मी अभिमानाने म्हणाले. "म्हणाली, यात राहून दाखवा."

मग कमरेचं फडकं सोडून तिने भाकरी पुढे केली. मी मागे सरकले.

"नको हो. कुणाकडून काही घ्यायचं नाही, असं तिनं बजावलंय."

"खायाचं बी न्हाई?"

"तसंच ठरलंय आमचं."

शपथेवर सांगते, मी एक अक्षर खोटं बोलले नाही. पण त्या बाईचे डोळे भरून आले. माझा हात एकदा घट्ट दाबून ती शेळ्या तिथेच सोडून निघून गेली.

ती परत आली तेव्हा अर्धी वस्ती तिच्यामागे होती. कुणी ताक आणलं, कुणी ठेचा, कुणी माठच उचलून आणला. एक म्हातारबाबा यांच्या उशाशी बसून यांच्या डोक्यावरून हात फिरवू लागले. हे दचकून उठले.

"उठू नगा," बाबा म्हणाले. "आपल्या पोटचं असं वागतंय, त्याला कोन काय करनार? आमी हाय की."

"कोण वागलं? काय झालं?" हे माझ्याकडे बघायला लागले. यांच्या अंगात सायकलची ती आखूड तंग चड्डी. ती बघून मागची एक बाई हळहळली, "धड कापडं बी दिली न्हाईत."

"अहो, आमचं सगळं बरं चाललंय," हे घाईघाईने म्हणाले. "नगरला दुकान आहे माझं. घर आहे. आणि इथेही काही परके नाही आम्ही. माझी सख्खी आत्या तिसगावातच राहते, द्रौपदाआत्या."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण द्रौपदाआत्याला सगळा गाव ओळखतो. वस्तीतल्या दोघांनी लगेच मोटारसायकलला किक मारली.

आत्याबाई आल्या. हातांना कुरडयांचा चीक तसाच. ओरडतील म्हणून मी खाली मान घातली, पण त्या आमच्यासमोर मातीत बसल्या आणि तंबूकडे बघत राहिल्या.

"आत्या, अगं ही फक्त तालीम होती," हे म्हणाले.

"माझं घर हितनं दिसतंय, अशोक," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी मेले असते आन असा झाडाखाली बसला असतास, तर चाललं असतं. मी हाय अजून."

मला अतिशय वाईट वाटलं. दिवसभर मी नदीचाच विचार केला होता. या बाईच्या गावाशी येऊन तिच्या घरी गेलो नाही तर तिला काय वाटेल, ते एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

नेमका तेव्हाच रेणूचा व्हिडिओ कॉल आला.

मी फोन तोंडाशी अगदी जवळ धरला. मागे केशरी कापडाशिवाय काही दिसू नये म्हणून.

"कसं चाललंय आई? दोघंच आहात ना?"

"दोघंच," मी म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून शेळीवाल्या बाईने तोंड पुढे केलं.

"तूच का ती? बाय, आईबापाला उपाशी ठिवून तुला घास कसा गिळतो?"

"आई, या कोण? कोण उपाशी आहे?"

"मोटी झालीस, शानी झालीस," बाबा फोनमध्ये डोकावून म्हणाले, "पन रीत शिकली न्हाईस."

मग फोन हातोहात फिरला. प्रत्येकाने तिला दोन शब्द सुनावले. शेवटी आत्याबाईंनी तो घेतला. मला वाटलं, आता पोरीची धडगत नाही.

"रेणू, जेवलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

पलीकडे रेणू हसायला लागली आणि हसता हसता रडायला. "आई," ती म्हणाली, "तुम्ही नापास. सपशेल. पण तुम्ही या. तंबू नको, मी घर बघते. तुम्ही आलात की मलाही कुणीतरी विचारेल, जेवलीस का म्हणून."

त्या रात्री आम्ही आत्याबाईंच्या अंगणात बाजेवर झोपलो. मांडे आणि आमरस खाऊन सायकल चालवायच्या अवस्थेत उरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या टेम्पोतून, सायकलींसकट, नगरला परत आलो. निघताना माझी ओटी भरली होती. वर शेवया, सांडगे आणि जिवंत कोंबडीचा आग्रह, जो यांनी कसाबसा मोडला.

तंबू मात्र आत्याबाईंनी ठेवून घेतला. गच्चीवर उभा करून त्यांनी आत कुरडया पसरल्या. परवा त्यांचा फोन आला, जाळीमुळे एकाही चिमणीला चोच लावता आली नाही, दिवसभर कुणी राखण केली नाही, तरी कुरडया अगदी कडकडीत वाळल्या म्हणून. थोडक्यात, कुणाचीही मदत न घेता त्या तंबूत अख्खा दिवस काढून दाखवला तो आमच्या घरच्या कुरडयांनी. तिकीट रेणूने खरं तर त्या कुरडयांचंच काढायला हवं होतं.